वाचकांचे प्रश्न : रॅप कोणाचे, आणि ते कोणी म्हणावे?

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रॅप, म्हणजे तालावर यमकबद्ध ओळी बोलत म्हणणे, आणि ते ज्या कलाप्रकारात येते त्या हिप-हॉपविषयीची आहेत, आणि ती मोठ्या शहरांतून नव्हे तर दारव्हा, चिमूर, वणी, हिंगणघाट, मूर्तिजापूर अशा तालुक्यांतून आली आहेत. पत्रलेखकांनी विषय मनापासून विचारला आहे, म्हणून या अंकात दुसरे प्रश्न घेतलेले नाहीत. पत्रे थोडक्यात दिली असून लेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वऱ्हाडीत रॅप लिहितो. गावातील वडीलधारी मंडळी म्हणतात की हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे सोंग आहे, आपल्याकडे भारूड असताना हे कशाला? दुसरीकडे इंटरनेटवर एका अनोळखी माणसाने मला लिहिले की ही कृष्णवर्णीयांची संस्कृती आहे आणि तुम्ही ती चोरत आहात. मी लिहावे की सोडून द्यावे?

उत्तर : लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमच्यावर आक्षेप घेणाऱ्या दोघांपैकी त्या अनोळखी माणसाचे म्हणणे तुम्ही अधिक गांभीर्याने घ्यावे, कारण त्याचा निष्कर्ष मला मान्य नसला तरी त्याच्या बोलण्याला इतिहासाचा आधार आहे.

हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख मानली जाते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट प्रवेशशुल्क होते, आणि रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, उभा होता. गाण्यातील शब्द थांबून नुसता ताल उरतो तो तुकडा नाचणाऱ्यांना सर्वांत प्रिय असतो, हे त्याने हेरले होते. तो तुकडा दोन रेकॉर्डवर आलटूनपालटून लावून लांबवण्याच्या त्याच्या हातोटीतून पुढचे सगळे वाढले. ही वस्ती कोणत्या अवस्थेत होती हेही पाहायला हवे. क्रॉस-ब्रॉन्क्स एक्सप्रेसवे या महामार्गाने वस्तीच्या मधून वाट काढली होती, हजारो कुटुंबे उठवली गेली होती, कारखान्यांतील नोकऱ्या गेल्या होत्या आणि इमारतींमागून इमारती आगीत जळत होत्या. अशा ठिकाणच्या कृष्णवर्णीय मुलांनी, कोणाकडूनही काही न मिळता, हाताशी असलेल्या जुन्या रेकॉर्डमधून ही कला उभी केली. ज्यांचे सर्व काही काढून घेतले गेले त्यांच्याकडून ही कलाही काढून घेतली जाईल, ही त्यांची भीती पोकळ नाही. ब्लूज, जॅझ आणि रॉक या तिन्हींच्या बाबतीत कमाईचा मोठा वाटा दुसऱ्यांकडे गेलेला त्यांनी पाहिला आहे.

त्याच इतिहासाची दुसरी बाजू अशी की हिप-हॉप पहिल्या दिवसापासून एकाच घराण्याचे नव्हते. हर्क स्वतः जमैकात जन्मला आणि १२ वर्षांचा असताना अमेरिकेत आला. मोठमोठे स्पीकर रस्त्यावर लावून गाणी वाजवण्याची आणि त्यावर बोलण्याची जमैकाची रीत त्याने लहानपणी पाहिली होती. ब्रॉन्क्समधील पोर्तो रिकन (पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरून आलेल्या कुटुंबांतील) मुले नाचणाऱ्यांत, भिंतींवर चित्रे काढणाऱ्यांत आणि रेकॉर्ड वाजवणाऱ्यांत बरोबरीने होती. म्हणून ही कला कृष्णवर्णीयांची आहे हे जितके खरे, तितकेच ती स्थलांतरितांच्या आणि शेजाऱ्यांच्या संगतीत घडली हेही खरे आहे. या दोन्हींपैकी एकच गोष्ट सांगणारा माणूस आपल्याला अर्धवट माहिती देतो.

आता गावातील वडीलधाऱ्यांविषयी. ‘आपल्याकडे भारूड असताना हे कशाला’ असे म्हणताना ‘रॅप म्हणजे आपले भारूडच की’ असेही आपल्याकडे फार सहज म्हटले जाते, आणि मला ते पटत नाही. पूर्व विदर्भातील खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर एकमेकांना सवाल-जवाबात अडवतात, तेव्हा त्यात आणि रॅपच्या चढाओढीत साम्य दिसते हे खरे. परंतु साम्य असणे वेगळे आणि वंशज असणे वेगळे. जे ब्रॉन्क्समधून आले ते ब्रॉन्क्समधून आले असे म्हणण्याने भारुडाचा किंवा दंडार या विदर्भातील लोकनाट्याचा मान कमी होत नाही. उलट ‘आमच्याकडे आधीपासूनच होते’ असे म्हणण्याने ज्यांनी ते निर्माण केले त्यांचे नाव पुसले जाते. आपल्या गाण्यांच्या बाबतीत कोणी असे केले तर आपल्याला चालेल का, हे त्या मंडळींना नम्रपणे विचारा.

मग तुमचे काय? ताल, यमकांची बांधणी आणि बोलण्याची लय शिकता येते आणि शिकवताही येते. दुसऱ्याचे आयुष्य मात्र उसने आणता येत नाही. मुंबईत अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी या रॅपरांकडे २०१५ च्या सुमारास देशाचे लक्ष गेले, ते त्यांनी आपली गल्ली आपल्या बोलीत आणली म्हणून. तुमच्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अमरावतीचा सौरभ, जो आपल्या नावातील ‘सौ’ १०० या आकड्याने लिहितो आणि वऱ्हाडीत रॅप करतो, त्याला ऐका. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या दोन रचनांपैकी पहिलीत पिस्तूल, टोळी आणि महागड्या मोटारी आहेत, आणि ती वाचताना लिहिणारा माणूस कुठे राहतो याचा पत्ता लागत नाही. दुसरीत मात्र जिनिंगच्या फाटकाबाहेर उभी असलेली कापसाची गाडी आहे. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढून दाबतो, ‘ओला आहे’ एवढेच म्हणतो आणि भाव पाडतो. थ्री फेज रात्रीच येते म्हणून ओलितासाठी अपरात्री वावरात जाणारा बापही त्याच रचनेत आहे. ही दुसरी रचना कोणाचीही चोरी नाही. पहिली आहे, आणि ती फाडून टाकण्याइतकी वाईट आहे असे मी तुम्हाला स्पष्टपणे सांगतो, कारण तुमच्यात दुसरी लिहिण्याची ताकद आहे.

एक काम मात्र आवर्जून करा. ज्यांच्याकडून शिकलात त्यांची नावे घ्या, मग ती ब्रॉन्क्सची असोत की अमरावतीची.

प्रश्न : मी चिमूरजवळील शाळेत शिक्षक आहे. विद्यार्थी एमिनेम या अमेरिकन रॅपरचे भक्त आहेत. तो गोरा असूनही कृष्णवर्णीय कलावंत त्याला मान देतात, परंतु इतर गोऱ्या रॅपरांना नकली म्हणतात. मग हिप-हॉपमध्ये वंशाला नेमका अर्थ किती?

उत्तर : अर्थ मोठा आहे, पण केवळ वंशावर निकाल लागत नाही, हे दोन-तीन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

१९९० मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचे गाणे अमेरिकेतील बिलबोर्ड हॉट १०० या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. रॅपच्या वाट्याला हा क्रमांक प्रथमच आला होता. विचार करा, १७ वर्षे कृष्णवर्णीय मुलांनी वाढवलेल्या कलेला हा पहिला मान एका गोऱ्या मुलाच्या हातून मिळाला. त्यातच आपल्या पूर्वायुष्याविषयी त्याच्या नावाने सांगितल्या गेलेल्या खडतर कहाण्या खऱ्या नव्हत्या, हे वृत्तपत्रांनी उघड केले, आणि त्याची पत गेली. एमिनेमची वाट वेगळी होती. तो डेट्रॉइटच्या गरीब वस्तीत वाढला, कृष्णवर्णीय श्रोत्यांनी भरलेल्या लहान लहान ठिकाणी चढाओढीत उतरला, तेथे हरला आणि जिंकला, आणि त्यानंतर डॉ. ड्रे या मातब्बर कृष्णवर्णीय निर्मात्याने त्याला हाताशी धरले. त्याहून महत्त्वाचे असे की आपण कृष्णवर्णीय असतो तर आपल्या रेकॉर्ड निम्म्याच खपल्या असत्या, हे त्याने २००२ मधील आपल्या गाण्यातच म्हटले, आणि कृष्णवर्णीयांच्या संगीतावर श्रीमंत होणाऱ्या गोऱ्या गायक एल्विस प्रेस्लीशी स्वतःची तुलनाही स्वतःच केली. कातडीचा फायदा त्याला मिळाला नाही असे नव्हे. तो त्याने लपवला नाही.

त्याच वर्षी आलेल्या ‘एट माइल’ या चित्रपटाची शेवटची चढाओढ विद्यार्थ्यांनी पाहिली असेलच. नायक स्वतःची सगळी उणी बाजू, गरिबी, आईसोबत पत्र्याच्या फिरत्या घरात राहणे, गोरेपण, हे प्रतिस्पर्ध्याच्या आधी स्वतःच सांगून टाकतो आणि मग त्या कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्याविषयी सांगतो की हा महागड्या खासगी शाळेत शिकलेला आहे. प्रसंग अतिशय प्रभावी आहे. परंतु तो गोऱ्या नायकाच्या सोयीचाही आहे, कारण गरिबी दाखवली की वंशाचा प्रश्न मिटला असा समज त्यातून होऊ शकतो. तो प्रश्न मिटत नाही. गरीब गोऱ्या मुलाला रस्त्यात पोलीस ज्या नजरेने पाहतात आणि कृष्णवर्णीय मुलाला ज्या नजरेने पाहतात, त्यातील फरक गरिबीने भरून निघत नाही. वर्गात हा चित्रपट चर्चेला घ्यायचा असेल तर एवढा मुद्दा अवश्य मांडा.

२०१४ च्या ग्रॅमी या अमेरिकेतील संगीत पुरस्कारांत सर्वोत्तम रॅप अल्बमचा पुरस्कार कृष्णवर्णीय रॅपर केंड्रिक लामारला डावलून मॅकलमोर आणि रायन लुईस या गोऱ्या जोडीला मिळाला. त्यानंतर मॅकलमोरने केंड्रिकला ‘तुझ्यावर अन्याय झाला’ अशा अर्थाचा संदेश पाठवला आणि तो संदेश समाजमाध्यमावर जाहीरही केला. संदेश प्रामाणिक असेलही, परंतु तो जाहीर करण्याची गरज काय होती, असे अनेकांनी विचारले आणि मलाही ते विचारणे योग्य वाटते. त्याच वर्षी गाजलेल्या इग्गी अझेलिया या ऑस्ट्रेलियन गायिकेवरचा आक्षेप आणखी सोपा होता: ती बोलते एका उच्चारात आणि रॅप करते अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रीच्या उच्चारात. ज्या उच्चारामुळे त्या स्त्रीला नोकरीच्या मुलाखतीत कमी लेखले जाते, तोच उच्चार दुसरीला पैसा मिळवून देतो, ही त्यातील बोचणारी गोष्ट आहे. दादर-पुण्यातील नटाने वऱ्हाडी हेल काढून हशा मिळवला की आपल्याला जे वाटते, त्याच्या कितीतरी पट अधिक ते आहे.

खरेपणाची ही कसोटी फक्त गोऱ्यांना लागते असेही नाही. रिक रॉस हा कृष्णवर्णीय रॅपर स्वतःला अमली पदार्थांच्या धंद्यातील बडी असामी म्हणवत असे; २००८ मध्ये उघड झाले की तो पूर्वी फ्लोरिडातील तुरुंगात रक्षकाची नोकरी करत होता. त्याने आधी ते नाकारले आणि नंतर मान्य केले. त्याची चेष्टा पुष्कळ झाली, पण कारकीर्द बुडाली नाही. व्हॅनिला आइसला मात्र असाच बनाव फार महागात पडला. ज्याचे घर आहे त्याला घरातील माणसे चूक करूनही सांभाळून घेतात आणि पाहुण्याला ती सवलत मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो, आणि मला त्यात अन्याय दिसत नाही.

प्रश्न : केंड्रिक लामार आणि ड्रेक या रॅपरांच्या भांडणात वंशाचा विषय कसा आला? दोघेही कृष्णवर्णीय आहेत ना? (वणी)

उत्तर : ड्रेकचे वडील आफ्रिकन-अमेरिकन आणि आई गोरी ज्यू आहे, तो कॅनडातील टोरांटोचा असून आधी दूरचित्रवाणीवरील अभिनेता होता. केंड्रिक कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनचा आहे. २०२४ मधील गाण्यात केंड्रिकने ड्रेकवर इतरही गंभीर आरोप केले, परंतु आपल्या विषयापुरते सांगायचे तर त्याचे म्हणणे असे होते की ड्रेक अमेरिकेच्या दक्षिणेतील अटलांटा शहराच्या कृष्णवर्णीय कलावंतांकडे गरज पडेल तेव्हा जातो, त्यांचा बाज आणि त्यांची पत घेऊन येतो आणि म्हणून तो सहकारी नसून वसाहतकार आहे. त्या गाण्याला २०२५ मध्ये पाच ग्रॅमी मिळाले. मिश्र वंशाच्या माणसाचे कृष्णवर्णीयपण मोजायला बसणे मला मुळीच आवडत नाही, आणि ड्रेकच्या बाजूने बोलणाऱ्यांचे हे दुखणे रास्त आहे. मात्र अटलांटाचा मुद्दा रक्ताचा नसून व्यवहाराचा आहे, आणि त्याचे उत्तर ड्रेकने समाधानकारक दिले असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. तो आणि त्याचे मित्र एकमेकांना गाण्यांत सतत येणाऱ्या त्या इंग्रजी शब्दाने हाक मारतात, जो कृष्णवर्णीयांसाठी शिवी आहे असे मी ऐकले आहे. तो म्हणतो, ‘गाणारेच म्हणतात, मग आम्ही का नाही?’ त्याला काय सांगावे? (एक आई, हिंगणघाट)

उत्तर : ताई, त्याला २०१८ ची एक घटना सांगा. अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका संगीत महोत्सवात केंड्रिक लामारने एका गोऱ्या चाहतीला मंचावर बोलावून आपले गाणे म्हणायला सांगितले. गाण्यात तो शब्द अनेकदा येतो आणि तिने तो जसाच्या तसा म्हटला. केंड्रिकने गाणे थांबवले आणि तो एक शब्द तिने गाळायला हवा असे तिला सांगितले. शब्द त्यानेच लिहिलेला होता, तरीही. शेकडो वर्षे गुलामांच्या मालकांनी ज्या शब्दाने हाका मारल्या, तो त्या गुलामांच्या नातवंडांनी आपसांत वापरावा की नाही याविषयी त्यांच्यातही मतभेद आहेत. परंतु तो निर्णय त्यांचा आहे.

मुलाला हे दूरचे वाटले तर जवळचे विचारा. आपल्या भागात काही जातींची नावे शिवीसारखी वापरली जातात हे त्याला ठाऊक असेलच. त्या जातीत जन्मलेल्या कवीने तेच नाव आपल्या कवितेत अभिमानाने किंवा संतापाने लिहिले, म्हणून वर्गातील दुसऱ्या मुलाने ते मधल्या सुट्टीत ओरडावे काय? आपल्या देशात अशा शब्दांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तो कायदा ज्या अनुभवातून करावा लागला तो अनुभव मुलाला कळला, तर शिक्षा करण्याची गरज पडणार नाही. गाणी ऐकणे मात्र बंद करू नका.

प्रश्न : आम्ही मूर्तिजापूर तालुक्यातील तिघे मित्र मिळून रॅप करतो. आमच्या घरची शेती मोठी आहे. एका मित्राचे वडील पूर्वी आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राबणारे गडी, होते आणि तो भीमनगरात राहतो. त्याने सालदाराच्या आयुष्यावर लिहिलेल्या ओळी माझा आवाज चांगला म्हणून मंचावर मी म्हटल्या. त्या खूप गाजल्या, व्हिडिओ माझ्या नावाने फिरतो आहे. मित्र काही बोलत नाही, पण हल्ली तालमीला येत नाही. माझे काही चुकले का?

उत्तर : चुकले आहे, आणि ते तुम्हाला जाणवले म्हणूनच तुम्ही पत्र लिहिले असे मी धरतो. सर्व पत्रांत हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले.

अमेरिकेतील वंश आणि आपल्याकडील जात यांचे नाते जोडणारा मी पहिला नाही. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून तिचे नाव दलित पँथर ठेवले. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. वंश चेहऱ्यावर दिसतो, तर आपल्याकडे आडनाव आणि घराची दिशा विचारली जाते. परंतु ज्याने सोसले त्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी गाजतात आणि सोसणारा बाजूला पडतो, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच घडतो.

२०२१ मध्ये तमिळ रॅपर अरिवूच्या बाबतीत तो सगळ्या देशाने पाहिला. चहाच्या मळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणींतून त्याने जे गाणे लिहिले आणि गायले, ते कोट्यवधी लोकांनी ऐकले. त्याच वर्षी ‘रोलिंग स्टोन इंडिया’ या संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्यातील सहगायिका धी आणि दुसरा एक रॅपर दिसले, अरिवू दिसला नाही. दिग्दर्शक पा. रंजित यांच्यासह अनेकांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्याचे स्वतंत्र डिजिटल मुखपृष्ठ काढण्यात आले. धीचा आवाज सुंदर आहे, आणि तिने काही हिरावून घेतले असे मी म्हणत नाही. परंतु अशा वेळी सुंदर आवाजाकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि ज्याच्या आजीचे ते आयुष्य होते त्याच्याकडे जात नाही, आणि हे कोणी ठरवून केले नसले तरी ते घडते.

तुमच्या बाबतीत गुंता आणखी आहे. पाडव्याला साल ठरते तेव्हा ओसरीवर खुर्चीत कोण बसतो आणि अंगणात उभा कोण राहतो, हे तुमच्या मित्राने त्याच्या बापाच्या बाजूने पाहिले आहे आणि तुम्ही तुमच्या बापाच्या बाजूने. त्या ओळींत ‘मी’ म्हणून जो बोलतो तो अंगणात उभा आहे. तुम्ही तो ‘मी’ म्हटलात आणि लोकांनी टाळ्या दिल्या, कारण मोठ्या घरच्या मुलाने हे म्हणणे त्यांना उदारपणाचे वाटले. तेच मित्राने म्हटले असते तर काहींना ते उद्धटपणाचे वाटले असते. मित्र गप्प का आहे, याचे एक कारण हेही असू शकते.

म्हणून तुम्ही जातीवर आणि सालदारकीवर बोलूच नये, असे मी म्हणत नाही. उलट तुम्ही बोलावे, पण ओसरीवरून जे दिसले ते बोलावे: साल ठरताना वडिलांनी काय म्हटले, उचल कशी दिली, ती कशी कापली, त्या वेळी तुम्हाला काय वाटले किंवा काहीच कसे वाटले नाही. ती रचना तुमच्याशिवाय दुसरा कोणी लिहू शकणार नाही, आणि तुमच्या भागात ती अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

व्हिडिओखाली कवी म्हणून मित्राचे नाव आजच घाला, आणि त्या कार्यक्रमाचे काही मानधन मिळाले असेल तर त्याचा वाटा त्याला पोहोचवा. त्याच्या घरी जा; त्याला निरोप पाठवून आपल्या वाड्यावर बोलावू नका. पुढच्या कार्यक्रमात त्या ओळी कोणी म्हणायच्या हे त्याला ठरवू द्या, आणि तो ‘कोणीच नको’ म्हणाला तर ते गाणे कार्यक्रमातून काढून टाका.